गाडीत नेव्हिगेशन घेताय? आधी नकाशा तपासा, मग डबा

दुकानात गेलात की पडद्याचा आकार सांगतात, रॅम सांगतात, रिव्हर्स कॅमेरा फुकट देतो म्हणतात. नकाशा कोणाचा, कधीचा आणि तुमच्या गावच्या फाट्यापुढे जातो का, हे कोणी सांगत नाही, कारण गिऱ्हाईक ते विचारतच नाही. उपग्रहाचं काम तुम्ही कुठे उभे आहात एवढंच सांगण्याचं. पुढे डावीकडे वळायचं की पुलावर चढायचं, हे नकाशा ठरवतो. चुका होतात त्या बहुतेक तिथेच.

महाराष्ट्र आणि गोव्यात चारचाकी चालवणाऱ्या आणि पहिल्यांदाच नेव्हिगेशन घेणाऱ्या माणसासाठी हा क्रम लिहिला आहे. घेण्याआधीच्या तपासण्यांना एक संध्याकाळ घरी आणि अर्धा तास दुकानात जातो.

आधी जवळ ठेवा

- गाडीचं आरसी आणि कंपनीचं वॉरंटी पुस्तक. मॉडेलबरोबर व्हेरियंटही लागतो; एकाच गाडीच्या दोन व्हेरियंटचे स्टिरिओमागचे सॉकेट वेगळे असू शकतात.
- डॅशबोर्डचा समोरून काढलेला फोटो आणि स्टिरिओच्या खाचेची रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये.
- तुम्ही नेहमी जाता अशा १२ ठिकाणांची यादी. ती कशी करायची ते तिसऱ्या पायरीत आहे.
- विमा पॉलिसी.
- फोन, त्याची चांगली केबल आणि उपग्रहांची पकड दाखवणारं जीपीएसटेस्टसारखं फुकट अॅप.

१. ‘जीपीएस’ म्हणजे नक्की काय हवंय ते आधी स्वतःशी ठरवा

आपल्याकडे ‘गाडीला जीपीएस बसवायचाय’ म्हटलं की अर्धे मेकॅनिक ट्रॅकर काढून ठेवतात. ट्रॅकर गाडी कुठे आहे ते मालकाला फोनवर कळवतो. चालकाला रस्ता दाखवत नाही. टॅक्सी-बसना लागणारं एआयएस-१४० उपकरणही ट्रॅकरच आहे. खाजगी गाडीत रस्ता पाहायचा असेल तर ‘नेव्हिगेशन’ हाच शब्द वापरा.

तिसरी एक वस्तू परदेशातले नातेवाईक कौतुकाने पाठवतात: डोंगरात नेटवर्क नसताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण. गार्मिनचं इनरीच हे त्यातलं नेहमीचं नाव. ही उपकरणं आणि सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर अशा उपकरणांमुळे परदेशी पर्यटक अडचणीत आले आहेत. साधं नेव्हिगेशन फक्त उपग्रहाचा संकेत ऐकतं, स्वतः काही पाठवत नाही, म्हणून त्याला परवाना लागत नाही. भेट म्हणून काही येणार असेल तर त्यात ‘एसओएस’ किंवा ‘मेसेज’ची सोय आहे का, हे आधी विचारा.

२. चार पर्याय, आणि कोणाला काय

फोन आणि होल्डर. दहापैकी आठ जणांना एवढंच पुरतं. नकाशा ताजा, वाहतुकीची माहिती चालू, खर्च फक्त होल्डर आणि चार्जरचा. तोटे तीन: भर दुपारी काचेमागे फोन तापून बंद पडतो, फोन आला की नकाशा झाकतो, आणि नेट गेलं की अंगावर काटा येतो. पहिल्या दोन्हींवर उपाय आहे. नेटचं सातव्या पायरीत पाहू.

गाडीच्या पडद्यावर अँड्रॉइड ऑटो किंवा अॅपल कारप्ले. इथे मोठा गैरसमज असतो. पडदा गाडीचा असला तरी नकाशा फोनचाच असतो. त्यामुळे पन्नास हजारांचा पडदा घेतला म्हणून नकाशा सुधारत नाही, फक्त मोठा दिसतो. मोठा दिसण्यालाही किंमत आहे, नाही असं नाही; चौकात नजर रस्त्यावरून कमी वेळ हटते.

बाजारात मिळणारा अँड्रॉइड स्टिरिओ. हा स्वतंत्र टॅबलेटच असतो. स्वतःचा अँटेना आणि मेमरी असते, पण नेटसाठी सिम किंवा फोनचा हॉटस्पॉट लागतो. कमीत कमी २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठा घ्या. ४ आणि ६४ असेल तर तीन-चार वर्षं कुरकुर होत नाही. स्वस्त यंत्रांत सेटिंगमध्ये लिहिलेली रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती दोन्ही खोटी असू शकतात. दुकानातच सीपीयू-झेड हे यंत्राची खरी माहिती दाखवणारं अॅप टाकून पाहा, आणि प्ले स्टोअर उघडून एखादं अॅप खरंच उतरतं का तेही.

फक्त नेव्हिगेशनचं स्वतंत्र यंत्र. गार्मिनसारख्या कंपन्यांची पाच ते सात इंची यंत्रं. भारतात यांचा बाजार आता बराच आटला आहे. तरी काहींसाठी आजही हाच योग्य पर्याय आहे: ज्यांना फोन गाडीत गुंतवायचा नाही, किंवा नेटवर्क नसलेल्या भागात रोजचा प्रवास आहे. मात्र नवं असो वा जुनं, घेण्याआधी एक प्रश्न विचारा: भारताच्या नकाशाचे अपडेट या मॉडेलसाठी कंपनी अजून देते का? उत्तर लेखी किंवा कंपनीच्या साइटवर दिसलं तरच पुढे जा. ‘लाइफटाइम मॅप’ मधलं लाइफ तुमचं नाही, त्या मॉडेलचं आहे. कंपनीने मॉडेल बंद केलं की ते संपतं.

परदेशातून आलेलं जुनं यंत्र घेताय? त्यात अमेरिकेचा किंवा युरोपचा नकाशा असतो आणि भारताचा वेगळा विकत घ्यावा लागतो. जुन्या यंत्राची अंतर्गत मेमरी इतकी लहान असते की नवा नकाशा मावतच नाही. मेमरी कार्डाची जागा आहे का पाहा. आणखी एक तपासणी फार थोडे लोक करतात. जीपीएस आठवड्यांचा क्रमांक १० बिटांत पाठवतं, म्हणजे ० ते १०२३, आणि मग पुन्हा शून्य. असं ६ एप्रिल २०१९ ला झालं. ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर सुधारलं नाही, ती तारीख जवळपास वीस वर्षं मागची दाखवतात आणि काही तर उपग्रहच पकडत नाहीत. यंत्र उघड्यावर नेऊन संकेत मिळाल्यावर तारीख पाहा. चुकीची असेल तर परत द्या.

३. स्वतःची १२ ठिकाणांची चाचणी-यादी करा

‘संपूर्ण भारताचा नकाशा’ हे खोक्यावरचं वाक्य काही सांगत नाही. भारत सगळ्यांकडे आहे. तुमची वाडी आहे का हा प्रश्न आहे. यादीत ही मिसळ ठेवा:

- घर आणि सासर-माहेर, अगदी दारापर्यंत
- एक तालुक्याचं गाव आणि त्याच तालुक्यातलं एक आडगाव
- एक घाट
- एक जागा जिथे उड्डाणपूल आणि खालचा रस्ता एकावर एक आहेत
- गेल्या दोन-तीन वर्षांत उघडलेला एक रस्ता
- राज्याबाहेरचं एक ठिकाण
- रात्री उघडा असतो हे तुम्हाला पक्कं माहीत असलेला एक पेट्रोल पंप
- नाव बदललेलं एक शहर
- उरलेली तुमच्या नेहमीच्या वाटेवरची, जिथला प्रत्येक खड्डा तुम्हाला पाठ आहे

शेवटची सर्वांत महत्त्वाची. अनोळखी रस्त्यावर नकाशा बरोबर आहे की नाही हे तुम्हाला कळणारच नाही. ओळखीच्या रस्त्यावर एका मिनिटात कळतं.

प्रत्येक ठिकाणी नकाशा मोठा करून तीन थर पाहा. महामार्ग सगळ्यांकडे असतात. तालुक्याचे रस्ते बहुतेकांकडे असतात. फरक पडतो तो वाडीच्या रस्त्यांवर, आणि तिथे रस्ता नसणं हा लहान दोष, नसलेला रस्ता असणं हा मोठा. कोकणात पायऱ्यांची पाखाडी कधी कधी रस्ता म्हणून रंगवलेली असते. देशावर शेतातली पाणंद ‘जवळची वाट’ म्हणून दाखवली जाते. उन्हाळ्यात तीवरून ट्रॅक्टर जातो, जुलैमध्ये तुमची गाडी चाकाच्या अर्ध्यापर्यंत रुतते. फरशी पुलाचंही तसंच: नकाशावर पूल तो पूल, पाणी किती आहे हे त्याला माहीत नसतं.

हा किरकोळ मुद्दा नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री गाडी गेली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या पुरात तुटलेल्या पुलावरून गाडी कोसळून तीन जण गेले. दोन्ही ठिकाणी नकाशात रस्ता सलग होता.

४. नकाशाचं वय काढा

स्वतंत्र यंत्रात किंवा कारखान्यातून आलेल्या नेव्हिगेशनमध्ये सेटिंग, मग ‘अबाउट’ किंवा ‘मॅप इन्फो’ इथे आवृत्ती आणि वर्ष असतं. पण तिथे ‘२०२५’ लिहिलंय म्हणून माहिती २०२५ ची असेल असं नाही. नकाशा बाजारात यायच्या आधी काही महिने गोठवलेला असतो. रस्त्यांवरून वय काढणं खात्रीचं:

- समृद्धी महामार्ग, नागपूर ते शिर्डी: ११ डिसेंबर २०२२ ला खुला
- गोव्यातला नवा झुआरी पूल: पहिला भाग डिसेंबर २०२२ अखेर
- पुण्याचा चांदणी चौक, नवी रचना: ऑगस्ट २०२३
- अटल सेतू, शिवडी ते चिर्ले: जानेवारी २०२४
- समृद्धीचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे: ५ जून २०२५

रेघ दिसली म्हणून खूश होऊ नका. मार्ग काढून पाहा. अनेकदा रस्ता नकाशात काढलेला असतो, पण दोन्ही टोकांना बाकीच्या जाळ्याशी जोडलेला नसतो, म्हणून यंत्र त्यावरून कधीच नेत नाही. शिवडी ते चिर्ले मार्ग मागा: बावीस-पंचवीस किलोमीटरऐवजी वाशी फिरवून नेत असेल तर अटल सेतू त्याच्यासाठी नाही. नागपूर ते आमणे मागा: समृद्धी पूर्ण ७०१ किलोमीटरचा आहे, आकडा त्याच्या आसपास यायला हवा. ही चाचणी करताना ‘टोल टाळा’ बंद असल्याची खात्री करा, नाहीतर चांगल्या नकाशालाही नापास कराल.

५. शोध तपासा, इथेच सर्वांत जास्त घोळ होतो

कर्जत टाइप करा. एक रायगडात आहे, एक अहिल्यानगर जिल्ह्यात. खेड रत्नागिरीत आहे आणि पुणे जिल्ह्यातही, ज्याला राजगुरुनगर म्हणतात. मालेगाव नाशिकचं आणि वाशिमचं. शिरूर पुण्याचं, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. बुद्रुक-खुर्दच्या जोड्या आणि गावोगावच्या शिवाजीनगरांची तर गणतीच नको. चांगलं यंत्र गावाबरोबर तालुका आणि जिल्हा दाखवतं. जे फक्त ‘कर्जत, महाराष्ट्र’ एवढंच दाखवतं, त्यावर मार्ग सुरू करण्याआधी एकूण किलोमीटर वाचायची सवय लावा. मुंबईहून कर्जतला अडीचशे किलोमीटर दिसले की समजून जा.

नावबदलाची चाचणी दोन्ही बाजूंनी करा: छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद, धाराशिव आणि उस्मानाबाद, अहिल्यानगर आणि अहमदनगर. जुनं नाव टाकलं तरी सापडायला हवं आणि नवंही. एकच सापडत असेल तर नकाशाच्या वयाचा आणखी एक पुरावा मिळाला.

मराठीत टाइप करून आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही पाहा. इंग्रजीत आपल्या गावांची तीन-तीन स्पेलिंगं चालतात. एका अक्षराने बदललं की जुनी यंत्रं हात वर करतात.

पिनकोडवर विसंबू नका. ग्रामीण भागात एका पिनकोडखाली अनेक गावं येतात आणि यंत्र त्यांच्या मधल्या कुठल्यातरी शेतात नेऊन सोडतं. लग्नाचं कार्यालय, फार्महाउस अशा ठिकाणांसाठी यजमानांकडून लोकेशन मागवा. मॅपल्स या भारतीय नकाशा-अॅपमध्ये प्रत्येक जागेला सहा अक्षरांचा कोड असतो, गूगलमध्ये प्लस कोड. दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. सगळीकडे चालतात ते अक्षांश-रेखांश, पण त्यातही दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा पद्धतीचा: पुण्याचा अक्षांश १८.५२ अंश, म्हणजे १८ अंश ३१ मिनिटं. यंत्र अंश-मिनिटांत विचारत असताना १८ अंश ५२ मिनिटं भरलीत तर उत्तरेला ३८ किलोमीटर चुकलात. दुसरा क्रमाचा: आधी अक्षांश, मग रेखांश. उलटं भरलं तर पुणे नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जातं, आणि ही चूक निदान लगेच लक्षात येते. दशांशानंतर चार आकडे असले की जागा दहा-अकरा मीटरपर्यंत बरोबर येते. पाचवा असला तर उत्तम.

६. मार्गाच्या सेटिंग एकदा नीट लावा

- वाहनाचा प्रकार. गूगल मॅप्समध्ये दुचाकीचा वेगळा पर्याय आहे. काल स्कूटरसाठी लावला आणि आज तसाच राहिला तर गाडी अशा बोळात जाते जिथून आरसे मिटूनही निघत नाही. उलट, दुचाकीला मनाई असलेल्या समृद्धी किंवा अटल सेतूचा मार्गच मिळत नाही. अरुंद रस्त्याच्या तक्रारींपैकी कितीतरी या एका चिन्हापाशी संपतात.
- टोल टाळा: बंद. चालू राहिलं तर द्रुतगती मार्ग सोडून जुन्या रस्त्याने गावागावातून फिरवतं.
- इंधन वाचवणारा मार्ग: घाटाच्या प्रवासाआधी बंद करून दोन्ही मार्ग शेजारी पाहा.
- फेरी टाळा: हे कोकणात मुद्दाम ठरवा. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा, बागमांडला–वेसवी इथे गाडी बोटीतून पलीकडे जाते आणि मोठा वळसा वाचतो. पण यंत्राला शेवटची फेरी किती वाजता सुटते ते ठाऊक असेलच असं नाही. संध्याकाळी उशिरा निघत असाल तर फेरी टाळाच, नाहीतर जेट्टीवर रात्र काढाल.

घाट बंद असल्याची माहिती नकाशावर उशिरा येते किंवा येतच नाही. वरंधा घाटासारखे रस्ते पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद होतात. पायथ्याच्या पेट्रोल पंपावर किंवा एसटी स्थानकात विचारा. ज्या रस्त्याची एसटी बंद आहे, तिथे तुम्हीही जाऊ नका.

७. नेट नसताना काय उरतं, हे घरी तपासा

फोन एअरप्लेन मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा, आणि तुमच्या १२ ठिकाणांपैकी सर्वांत दूरच्या ठिकाणाचा मार्ग मागा. दुकानात यंत्र पाहत असाल तर तिथला वायफाय बंद करायला लावा. दुकानातला प्रत्येक डेमो वायफायवरच चालतो.

गूगल मॅप्समध्ये चौकट आखून भाग उतरवून ठेवता येतो. चौकट एका मर्यादेपलीकडे मोठी होत नाही, म्हणून तुकडे करा: कोकण आणि गोवा, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. तुकडे एकमेकांवर थोडे चढू द्या. उतरवलेल्या भागाला मुदत असते. वायफायवर आपोआप नवा होतो, पण साठा भरला असेल तर होत नाही. आणि नेटशिवाय वाहतुकीची माहिती मिळत नाही, हे गृहीत धरा. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही अॅपं ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात आणि उतरवल्यावर पूर्णपणे नेटशिवाय काम करतात. त्यातली गावं स्वयंसेवकांनी भरलेली असतात. म्हणून एखाद्या खेड्याची गल्ली न् गल्ली सापडते आणि शेजारचं खेडं कोरं असतं. दुसरा आधार म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको.

इथला सगळ्यांना पकडणारा सापळा म्हणजे राज्याची सीमा. ‘पुण्याहून सावंतवाडीला जायचंय, महाराष्ट्र उतरवला, झालं’ असं वाटतं. पण कोल्हापूर ओलांडून आंबोलीकडे जाणारा नेहमीचा रस्ता निपाणीजवळ कर्नाटकातून जातो. चोर्ला घाटाने गोव्यात उतरायचं तर बेळगावातूनच जावं लागतं. राज्यवार नकाशा उतरवलेला असेल तर मधलं राज्य नसल्याने मार्ग तुटतो किंवा भलताच वळसा घालतो. शेजारच्या राज्याचा नकाशाही उतरवा, जागा लागली तरी.

८. उपग्रहाची पकड पाहा

हे पाच मिनिटांचं काम. गाडी उघड्या आकाशाखाली उभी करा, जीपीएसटेस्ट चालवा. जागा ठरवायला कमीत कमी चार उपग्रह लागतात. आजच्या फोनला जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेइदोऊ धरून पंधरा-वीस सहज वापरता येतात. अचूकता तीन ते पाच मीटर दिसली की बस. उघड्यावरही वीस मीटरच्या पुढे अडकली असेल तर अँटेना चुकीच्या जागी आहे किंवा काचेवर धातूचा थर आहे.

खोक्यावर ‘नाविक’ लिहिलं असेल तर चांगलंच, पण तो इस्रोच्या उपग्रहांचा संकेत आहे, नकाशा नव्हे. नाविक असलेल्या यंत्रातही जुना नकाशा असू शकतो. दोन वारंवारता पकडणारा फोन असेल, म्हणजे एल-१ आणि एल-५, तर उंच इमारतींच्या मध्ये त्याचा फायदा खरोखर दिसतो.

बरेच दिवस बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू केलं की वेळ घेतं. एका उपग्रहाची कक्षा समजायला निदान अर्धं मिनिट आणि सगळ्यांचं वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन हे नेटवरून घेतो म्हणून चटकन पकडतो. तेव्हा स्वतंत्र यंत्र पहिल्या दोन मिनिटांत नापास करू नका. उभ्या गाडीत पंधरा मिनिटं द्या.

एक मर्यादा मात्र कोणत्याच किमतीत सुटत नाही. उपग्रहावरून उंची नीट कळत नाही, त्यामुळे तुम्ही उड्डाणपुलावर आहात की खाली हे यंत्र अंदाजाने ठरवतं. नागपूरच्या वर्धा मार्गावर खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. तिथे बाण हमखास गोंधळतो. अशा ठिकाणी पुढच्या वळणाची सूचना पुलाच्या आधी वाचून ठेवायची. बोगद्यात तर संकेतच जातो. समृद्धीवर इगतपुरीचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. चाकांचा वेग वाचणारं कारखान्याचं नेव्हिगेशन बोगद्यातही बाण पुढे सरकवतं. फोन अंदाज बांधतो आणि कधी कधी थांबतो. बाहेर आल्यावर सावरायला काही सेकंद द्या, गोंधळून ब्रेक दाबू नका.

९. बसवताना

फोनचा होल्डर एसीच्या झरोक्यासमोर. थंड हवा लागली की तापण्याचा प्रश्न मिटतो. काचेवरचा चूषण-कप उन्हाने सुटतो आणि नेमका घाटात पडतो. चार्जर २ अँपिअरच्या वरचा घ्या. जुन्या गाड्यांचा यूएसबी पॉइंट अर्धा अँपिअरच देतो, त्यावर नेव्हिगेशन चालू असताना चार्जिंग होत असूनही बॅटरी उतरते. फोन हातात धरून चालवण्याला दंड आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून रस्ता पाहण्यापुरता वापर मान्य आहे, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. पत्ता गाडी उभी असताना टाका.

अँड्रॉइड स्टिरिओ बसवताना मेकॅनिकजवळ उभे राहा आणि तीन गोष्टी पाहा.

पहिली, वायर कापू देऊ नका. तुमच्या गाडीचा कपलर, म्हणजे न कापता थेट खोचता येणारा जोड, मागा. मूळ हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, कापला की कंपनी विजेच्या कामाची वॉरंटी नाकारू शकते.

दुसरी, पिवळी आणि लाल. पिवळी थेट बॅटरीची, स्मरणशक्तीसाठी, लाल चावी फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थिंगची. पिवळी-लाल एकत्र करून कायम बॅटरीला जोडल्या तर स्टिरिओ झोपत नाही आणि चार-पाच दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही. दोन्ही चावीवर जोडल्या तर गाडी बंद केली की सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. ‘बॅटरी खराब आहे’ असं मेकॅनिक सांगेल. आधी वायर पाहा.

तिसरी, अँटेना. लहान चौकोनी काळा डबा आणि लांब केबल. घाईत तो स्टिरिओमागच्या पत्र्याच्या चौकटीत गुंडाळून ठेवतात आणि मग पकड येत नाही. तो डॅशबोर्डवर, पुढच्या काचेजवळ, सपाट बाजू आकाशाकडे करून चिकटवायला सांगा. पॅनेल बंद होण्याआधी जीपीएसटेस्ट पुन्हा लावा.

१०. पहिल्या आठवड्यात करायची कामं

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर मॉडेल व सिरियल नंबर लिहून घ्या. नकाशाच्या आवृत्तीच्या पानाचा फोटो काढा; अपडेट द्यायला कोणी टाळाटाळ केली तर हा फोटो उपयोगी पडतो. बाहेरून बसवलेला स्टिरिओ विमा कंपनीला कळवून पॉलिसीत ‘इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी’ म्हणून किमतीसह नोंदवा. नोंद नसेल तर चोरी झाली की गाडीचे पैसे मिळतात, स्टिरिओचे नाही.

बदलून देण्याची मुदत संपायच्या आत यादीतल्या किमान चार ठिकाणी प्रत्यक्ष जा, त्यातलं एक रात्री. आवाज मराठीत लावा आणि ब्लूटूथवर ऐका: काही स्टिरिओ सूचनेचा पहिला शब्द गिळतात, म्हणजे ‘डावीकडे’ गळतं आणि ‘वळा’ एवढंच ऐकू येतं. तसं झालं तर सूचना गाडीच्या स्पीकरऐवजी फोनच्या स्पीकरवर लावा.

स्वतंत्र यंत्राचा पहिला अपडेट संगणकावरून करावा लागतो. संगणकावर भरपूर जागा रिकामी ठेवा, केबल चांगली वापरा, लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवा. काही तास लागू शकतात आणि मध्येच तुटलं तर जुना नकाशाही हातचा जातो. रात्री लावून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्रवास असेल तर त्या रात्री करूच नका.